आख्खी वस्तीच स्टेपडाऊन

रहिमानच्या मेहुण्यानं, आसिफनं, जपानहून ॲम्प्लिफायर धाडला. तो शंभर व्होल्टवर चालणारा, आणि आपल्याकडं वीज दोनशे तीस. मधे स्टेपडाऊन नावाचा डबा लावा, नाहीतर जळेल, असं खोक्यावर चित्र काढून बजावलं होतं. रहिमाननं चित्र नीट पाहिलं आणि सॉकेटला मीटर लावला. कडेगावजवळच्या त्याच्या वस्तीवर संध्याकाळी उसाच्या मोटारी सुरू झाल्या की काटा बरोब्बर शंभरावर यायचा.

“आवं, सांगलीस्नं त्यो डबा आणा की,” त्याची बायको हुसेनबी म्हणाली.

“कशाला? आख्खी वस्तीच स्टेपडाऊन हाय.”

आणि खरंच, रोज संध्याकाळी ॲम्प्लिफायर झकास वाजू लागला. पंखा विचार करत फिरायचा, फ्रिज नुसता कण्हायचा. पण कव्वाली अशी, की शेजारच्या बांधावर कोंडीबा मान डोलवायचा. आसिफ सुट्टीवर येतोय कळताच रहिमाननं फोनवर सांगून टाकलं, “शुक्रवारी सांजच्याला ये. जपानात वाजत नसंल, असा वाजतोय.”

शुक्रवारी दुपारी वायरमननं वस्तीवर नवा, मोठा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवला. लोकांनी नारळ फोडला. रहिमाननं घाईनं मीटर लावला. दोनशे तीस! संध्याकाळच्या मोटारी लागल्या तरी काटा हलेना.

तो कोंडीबाकडं पळाला. “तुझी मोटार चालू कर गड्या!”

“कालच पाणी दिलंय की रं.”

“परत दे. पाव्हण्यापुढं माझी अब्रू जातीया.”

अब्रूचा प्रश्न म्हटल्यावर कोंडीबानं मोटार लावली. पलीकडच्या लालासाहेबानं दोन लावल्या. मग कुणी कडबाकुट्टी, कुणी गिरणी, कुणी विजेची शेगडी. ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं इस्त्री तापवली. ऊस गुडघाभर पाण्यात उभा राहिला. काटा कसाबसा दोनशेवर आला आणि डीपीवर धाडकन आवाज झाला. वस्तीतली वीज गेली.

रहिमानला मनापासून हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. तेवढ्यात आसिफ दारात आला.

“काय करणार, लाईटच न्हाई बघ,” रहिमान म्हणाला. “न्हाईतर लय ऐकवला असता.”

“ऐकवला कसा असता, दुल्हाभाई? ह्यो तर माझ्याकडंच ऱ्हायला हुता.” आसिफनं पिशवीतून विटेएवढा जड लोखंडी डबा काढला.

रहिमाननं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. वायरमनचा फोन लागतोय का, असं कोंडीबा बाहेरून विचारत होता.

“द्या हिकडं,” हुसेनबी म्हणाली. “कवाधरनं दार आपटतंय, त्याला टेकू लावते.”