जवळ पडतं

कारखानीस सरांनी एकदा, सुई दंडात असताना, डॉक्टरांनाच विचारलं होतं, "दवाखाना इथेच का?"

"जवळ पडतं," डॉक्टर म्हणाले.

"कशाच्या?"

डॉक्टरांनी सुई काढली, कापूस दाबला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सर शहरांचे अर्थशास्त्रज्ञ आहेत. अंबरनाथ पूर्वेला आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या घरात राहतात. अर्थशास्त्रज्ञ म्हटल्यावर लोक त्यांना कुठले शेअर घ्यावेत ते विचारतात, पण शेअरमधलं सरांना ओ की ठो कळत नाही. कुठली गोष्ट कुठे आहे आणि तिथेच का आहे, एवढंच त्यांना कळतं. या एका प्रश्नावर त्यांनी मुंबईत उभी हयात शिकवलं, सरकारी समित्यांवर बिस्किटं खाल्ली आणि परदेशात जाऊन भाषणंही ठोकली. पानवाला असो, न्हावी असो, चिखलोलीला नवं घर घेतलेलं जोडपं असो, सर विचारणार, "इथेच का?" समोरचा म्हणणार, "जवळ पडतं." मग सर चष्मा वर करून म्हणणार, "हे उत्तर नाही. जवळ म्हणजे कशाच्या जवळ, ते सांगा."

त्यांच्या बरोबरीचे प्राध्यापक लंडन-टोकियोवर लिहीत होते, तेव्हा सर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफ्यांवर बसून गिऱ्हाइकं न्याहाळत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एका सिंधी शेठना विचारलं, "दुकान इथेच का?" शेठनी सरांची बॅग पाहिली, चष्मा पाहिला आणि हात जोडले. "साब, बस दो फूट बाहर है. अभी अंदर लेता हूँ." अतिक्रमणवाले आले ही बातमी गल्लीत पसरली आणि बघता बघता सगळ्या दुकानांनी आपापले सोफे आत ओढले. फुटपाथवर एकच सोफा राहिला, कारण त्यावर सर बसले होते. बाजार इतका शिस्तीत आम्ही कधी पाहिला नाही, असं लोक अजून सांगतात.

त्या बाजारातूनच त्यांचा सिद्धांत निघाला. एकाच मालाची दुकानं एकमेकांना खेटून का बसतात? तर दहा दुकानं एका ठिकाणी असली की गिऱ्हाईक लांबून येतं, आणि आलं की सगळ्यांनाच थोडं थोडं मिळतं. "एकमेकांच्या जिवावर उठलेली दुकानं एकमेकांच्या जिवावरच जगतात," हे सरांचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य, "आडवं पसरू नका, उभं वाढा." शहरानं शेतं गिळत जांभूळ-चामटोलीपर्यंत पसरण्यापेक्षा आहे तिथेच मजले चढवावेत, असं त्यांचं म्हणणं. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद दिला, "कामाच्या जवळ घर घ्या. वरच्या मजल्यावर घ्या." नवरीच्या सासूला वाटलं हे बिल्डरचे एजंट आहेत. तिनं माझ्याकडे त्यांचं कार्ड मागितलं.

त्यामुळे आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा पहिली सही सरांची होणार यात कुणाला शंका नव्हती. मी सोसायटीची सेक्रेटरी. माझ्या स्वयंपाकघरात तर स्लॅबचा पापुद्रा सुटून कणकेच्या परातीत पडला होता, त्यामुळे मला जरा जास्तच घाई होती. बिल्डर शहाणा होता. पुढे कोर्टकचेरी नको म्हणून एकूण एक घराची सही हवी, असं त्यानं बजावलं. सगळ्यांनी केली. सर म्हणाले, "बघतो."

पावसाळा आला नि गेला, तरी सर बघतच होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं जिन्यात उघड बोललं जाऊ लागलं. परवा माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक पापुद्रा पडला आणि मी तशीच पिठाच्या हातानं वर गेले.

सरांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. खिडकीजवळ त्यांची वेताची खुर्ची असते आणि तिच्यात दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. पाहुणा नुसता वाकला तरी ओरडतात, "तिथे नाही!" आम्ही तिला सरांची राखीव जागा म्हणतो. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हल्ली विसरायला होतं, तेही आम्हाला माहीत होतं. पण त्यांना काही विचारलं की सरच मध्ये पडून उत्तर द्यायचे. बाईमाणसाला तोंड उघडू देत नाहीत, म्हणून मीही त्यांना नावं ठेवली होती.

त्या दिवशी खुर्ची खिडकीशी नव्हती. खोलीत मध्येच, वाटेत यावी तशी मांडली होती आणि सर तीत बसले होते.

"सर, आयुष्यभर सगळ्यांना विचारलंत. आता मी विचारते," मी म्हणाले. "इथेच का?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हिला आता माणसं ओळखू येत नाहीत, सेक्रेटरीबाई. जागा येतात. डबे, देव, नळ, सगळं हाताला पाठ आहे. आणि खिडकीतल्या खुर्चीत बसतो तो आपला माणूस, एवढं ठाऊक आहे. एकदा माझा मेहुणा तीत बसला. हिनं चहा त्याला दिला आणि मला विचारलं, आपण कोण?"

मी हाताचं पीठ पदराला पुसत उभी राहिले.

"बिल्डर बदलापूरला भाड्यानं घर देईल. तिथली खिडकी वेगळी. तिथे मी कोण?"

"मग राहू दे, सर. आपण काहीतरी..."

"राहू दे कसं? छत पडायला आलंय, मला दिसतं. म्हणून तर खुर्ची हलवतोय. रोज फरशीभर. खिडकी सुटली तरी मी सुटत नाही ना, ते बघतोय. दारापर्यंत पोचलो की सही करतो."

जगाला उभं वाढा म्हणून सांगणारा माणूस आपल्याच घरात एकेक फरशी आडवा सरकत होता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. चहा सर स्वतःच करून ओट्यावर ठेवतात, पण आणून देतात त्या काकू. त्या सवयीनं थेट खिडकीशी गेल्या आणि थांबल्या. काकू वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. बराच वेळ पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज इथेच का?"

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला.

"जवळ पडतं," ते म्हणाले.

कशाच्या, ते मी विचारलं नाही.