ठकूआत्याची न पेटलेली विडी

ठकूआत्याच्या ओठात विडी नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. शेण गोळा करताना, विहिरीवर, चुलीपुढे, भांडताना, देवळात आरती चालू असतानासुद्धा ती असायचीच. मात्र ती विडी कधी पेटलेली नसायची. मी एकदा चेष्टेने काडेपेटी पुढे केली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पेटवली का संपते."

शिवाय ही विडी तिची स्वतःची नसायची, मागून आणलेली असायची. भर दुपारी कुणाच्याही ओटीवर जाऊन उभी राहायची आणि हात पुढे करून म्हणायची, "विडी दे गं एक." समोरची बाई कुरकुरली, की आत्याचं ठरलेलं वाक्य होतं, "विडी, इस्तू नि पानी, मागनाऱ्याला नाय म्हनू नये." विस्तव-पाण्यासारखाच विडीचाही त्या गावात हा कायदाच होता. घरात भांडण असलं तरी आलेल्याला विडी नाकारायची पद्धत नव्हती. त्यामुळे बायका मनात शिव्या देत विडी काढून द्यायच्या. गावात तिचं नाव होतं ते एक नंबरची फुकटी म्हणून.

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी हे गाव. पन्नास वर्षं होत आली, मी तिथे नर्स म्हणून रुजू झाले. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट आणि तान्ह्या पोरांना तोलायचा एक काटा. भिंतीपलीकडे ठकूआत्याचं घर. ती याच गावची लेक. नवरा वारल्यावर तरुणपणीच माहेरी परत आली, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती आत्याच. भाऊ-भावजयही मागे गेले आणि आता घरात ती, दोन कोंबड्या आणि परसातला दुधी भोपळ्याचा वेल, एवढेच उरले होते. वेल असा माजलेला असायचा की गावातल्या बाकीच्या वेलांना लाज वाटावी.

त्या काळी तिथल्या पुष्कळ बायका विडी ओढायच्या. लावणी-कापणीत बांधावर बसून एक झुरका मारला की कंबर हलकी व्हायची म्हणे. पण दिवस गेले की ओढणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं, हे पाहून माझं डोकंच फिरलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि जग सुधारायला तालुक्याहून रंगीत तक्ते घेऊन आले होते.

लगेच सभा घेतली. पंधरा-वीस बायका जमल्या, त्यातल्या निम्म्या धूर काढत बसल्या. मी तक्त्यावर पट्टी आपटून ठणकावून सांगितलं, "विडी ओढणाऱ्या बाईचं बाळ पोटात नीट वाढत नाही. बारीक राहतं!"

मला वाटलं, बाण बरोबर लागला. तेवढ्यात रखमा उठली. तिला पाचवा महिना होता. डोळे चमकवत ती म्हणाली, "म्हंजी खरंच हाय तर!"

"काय खरं आहे?"

"विडीनं पोर बारीक ऱ्हातं नि सुटका हलकी होते. सासू सांगायची ते मला खोटं वाटायचं. आता सरकारबी सांगतंय!"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी वाण्याने मला बोलावून फुकट चहा पाजला. त्याचा विड्यांचा साठा संपला होता.

रखमाला हसू नका. पहिल्या खेपेला ती तीन दिवस कळा देत होती, आणि एवढं करून पोर मुठीएवढं झालं ते चौथ्या दिवशी गेलं. ती इतकी भ्यायली होती की या खेपेला सुटका हलकी व्हावी यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, पहिल्या वेळीही ओढत होतीस, तरी त्रास झालाच ना?" तर म्हणाली, "तवा कमी पडल्या, बाई." हेही पोर जाईल या धास्तीने मला मात्र जेवण गोड लागेना.

ठकूआत्याचं मागणं चालूच होतं. रखमाच्या दारात तर ती दिवसातून चार-चारदा जायची. "एक दे गं." "आनखी एक दे गं." "ती कानावर ठेवलीय ती दे गं." रखमा रडकुंडीला यायची. "म्हातारे, तुला मीच एकली दिसते का? माझा नवरा बंडल आनतो नि मला दोनच विड्या मिळत्यात!" माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "नर्सबाई, या आत्येचा काय तरी बंदोबस्त करा."

बंदोबस्त करायचा म्हणून मी दोन दिवस आत्या कुठे कुठे जाते यावर नजर ठेवली. सहा घरं झाली. संध्याकाळी गरोदर बायकांचं रजिस्टर उघडलं, तर पाच नावं तीच होती. सहावी बाई पुढच्या आठवड्यात लाजत लाजत नाव नोंदवायला आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुपारी मी आत्याच्या परसात गेले. ती वेलाखाली बसून विड्या उसवत होती. पानं एका बाजूला, तंबाखू बादलीत. मला बघून तिने बादलीवर पदर टाकला.

"हे काय गं आत्या?"

"मावा लागतो वेलाला, बारीक किडा. तंबाकूचं पानी मारलं का जातो."

"आणि तू एकही ओढत नाहीस?"

तिने हातातली विडी बादलीत झटकली. मग ओठातली विडी तशीच ठेवून बोलू लागली. "मीबी वढायची. दोन जिवांची व्हती तवा दिवसाला बंडल. सुटका लय हलकी झाली, बाई. येवढी हलकी, का पोर आली कवा नि गेली कवा, कळलंच नाय. सात दिस व्हती. विडीनं गेली का आनखी कशानं, ते देवाला ठाव. पन तवापासनं पेटवली नाय."

"मग ओठात कशाला धरतेस?"

"येडी का काय तू? ओठात विडी नसली तर मागू कशी? बायका म्हनतील, आत्या वढत नाय तर मागते कशाला?"

"अगं, पण त्यांना सरळ सांग की!"

"तू सांगितलंस ना सरळ," आत्या म्हणाली. "मंग काय झालं?"

मी खाली बसून विड्या उसवू लागले. थोड्या वेळाने विचारलं, "मुलीचं नाव काय होतं?"

"बारसंच झालं नाय तर नाव कुठलं? मी ठरवून ठेवलं व्हतं."

"काय?"

"ते असं सांगत नसतात. नाव कानात सांगायचं आसतं."

त्या दिवसापासून मीही रखमाच्या घरी गेले की आत्याच्या नावाने एक-दोन विड्या मागून आणू लागले. सरकारी नर्सचं हे काम नव्हतं, पण तक्त्यांपेक्षा बरं चाललं होतं.

रखमाची वेळ आली ती एका सकाळी. दुपार टळली तरी सुटका होईना. कळ आली की ती देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी ओरडायची, "त्या ठकीनं माझ्या विड्या खाल्ल्या! तिचं वाटोळं हू दे!" ठकी बाहेर ओटीवर भिंतीला टेकून बसली होती आणि आतून शिवी आली की म्हणायची, "दे, आनखी दे. पन जोर लाव." उन्हं उतरताना मुलगी झाली. काट्यात घातली, काटा खाली गेला, आणि मला रडूच आलं. तीन किलोला जरासं कमी. असं पोर त्या काट्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रखमा खाटेवर पडली होती, खाली शेकायला शेगडी होती. विडीच्या धुराने बाळंतिणीला वारं लागत नाही म्हणून सासूने उशाशी बंडल ठेवलं होतं. आत्या दुधीची खीर घेऊन आली, वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला, "विडी दे गं."

"आगं, आता तरी सोड!" रखमा म्हणाली.

"अंगावर पितीय ना पोरगी? दूध तुटेस्तवर देत ऱ्हायचं."

रखमाने तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. आणि अख्खं बंडल आत्याच्या ओच्यात टाकलं. त्या खिरीतला दुधी कसल्या पाण्यावर वाढला होता, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा, आणि रखमाच्या नवऱ्याला बहीण नव्हती. सासू नात्यातली कुणीतरी सवाष्ण शोधू लागली. रखमा म्हणाली, "शोधता कशाला? गावची आत्या हाय ना! माझ्या विड्या खाल्ल्यात तिनं, आता कामबी तीच करंल."

सासूने तोंड वाकडं केलं, पण सगळ्यांदेखत बोललेलं मागे घेता येईना. ठकूआत्याला दारातून हाताला धरून आणावं लागलं. ती पाळण्याशी आली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, तिने ओठातली विडी काढली. "धर जरा," म्हणून माझ्या हातात दिली. पांढऱ्या साडीतली सरकारी नर्स विडी धरून उभी!

आत्या वाकली. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ तशीच राहिली. मग "कुर्रर्र" झालं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. गावभरच्या बायका, इतक्या वर्षांच्या विड्या! एकीनेही हात आखडता घेतला नाही. आत्या उठली तेव्हा डोळ्यांना धार लागली होती.

"लागलं गं मेल्यांनो," ती म्हणाली.

"नाव सांग, नाव!"

"शेवंती."

बायकांनी सूर धरला. आत्या पाळण्याची दोरी घेऊन खालीच बसली आणि हलकेच हाका मारू लागली, "शेवंते... ए शेवंते..." मी मागून विडी पुढे केली. "आत्या, तुझी विडी."

"आसू दे," ती वळूनही न बघता म्हणाली. "नाव घेताना आड येते."