एका रात्रीत साडेसात सेंटीमीटर

खोटेपणा मला अजिबात खपत नाही. सातवीला विज्ञान शिकवायला लागून सतरा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी मी फळ्याच्या वर, भिंतीवर, स्वतःच्या हाताने निळ्या रंगात लिहून ठेवलं : 'जे दिसेल तेच लिहा.' शिडी हलत होती म्हणून शेवटची दोन अक्षरं जरा छताकडे निघाल्यासारखी वाटतात, पण नियम मात्र सरळ आहे. हा नियम मी आजवर निदान चारशे पोरांच्या गळी उतरवला असेल. तो मोडायची वेळ माझ्यावरच येईल, आणि तीही एका काकडीपायी, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

त्याचं झालं असं. दरवर्षी मी बी रुजवण्याचा प्रयोग घेतो. प्रत्येकाची एक काचेची बरणी, त्यात ओला कापूस, कापसावर घेवड्याचं एक बी आणि शेजारी वही. यंदा एकतीस मुलं, म्हणून एकतीस बरण्या. पाचव्या दिवशी तीस बरण्यांत अंकुर दिसले. एकतिसावी बरणी शांत होती.

ती बरणी मोजपट्टीची. हे एका मुलीचं टोपणनाव. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेली ही मुलगी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, कुणाशी बोलायची नाही आणि खिशात कायम पट्टी बाळगायची. डबा उघडला तरी आधी त्याची लांबी मोजणार. बाकी मुलं वहीत 'अंकुर फार गोड दिसतो' वगैरे काव्य करत होती, तेव्हा ही रोज एकच ओळ लिहायची : 'आज उंची शून्य.' आणि दिवसातून तीनदा बरणीत पाणी घालायची.

नवव्या दिवशी शाळा सुटताना ती माझ्या टेबलापाशी आली. विज्ञान मंडळात तिचं नाव मीच आग्रहाने घातलं होतं. ती म्हणाली, "सर, मंडळातून माझं नाव काढाल का? माझं तर बीसुद्धा उगवत नाही."

सतरा वर्षांत खरोखर मोजणारं एकच पोर माझ्या हाती लागलं होतं, आणि तेच एका नतद्रष्ट घेवड्यामुळे निघून चाललं होतं. मी तिला म्हटलं, उद्यापर्यंत थांब, उद्या बघू. आणि घरी जाताजाता मनाशी ठरवलं की उद्या ते बी उगवणार. काय वाटेल ते झालं तरी उगवणार.

घरी आमच्या गॅलरीत हिची रोपं असतात. ही, म्हणजे माझी बायको, औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर गोळ्या मोजून तिला सगळंच मोजायची सवय लागली आहे. गॅलरीतल्या बारा कुंड्यांवर तिने औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या चिकटवून एक ते बारा आकडे घातले आहेत. पहाटे ती उठायच्या आत मी सात नंबरचं रोप अलगद उपटलं. कशाचं होतं ते पाहिलं नाही. मी मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. पान हिरवं असलं की माझं समाधान होतं.

शाळेत सर्वांच्या आधी पोचलो. बरणी एकतीसमधलं बी काढलं, त्याच्या जागी रोप बसवलं. काढलेलं बी फेकवेना. म्हणून ते जरा ओल्या कापसात गुंडाळून रंगीत खडूंच्या डब्यात ठेवलं. तेवढ्यात शिपाईमावशी झाडू घेऊन आल्या आणि एवढ्या सकाळी इथे काय करताय असं विचारू लागल्या. मी म्हटलं, डस्टर शोधतोय. डस्टर माझ्या हातातच होतं. मावशींनी त्या डस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाडायला सुरुवात केली.

आठ वाजता मुलं आली. मोजपट्टीने बरणी पाहिली. ती ओरडली नाही, नाचली नाही. तिने पट्टी काढली, मोजलं, पानांवरून बोट फिरवलं आणि शेजारच्या बरण्यांतली पानं पाहिली. मग तिने हात वर केला. या वर्गात पहिल्यांदाच!

"सर, काल संध्याकाळी पाच वाजता शून्य होतं. आज सकाळी आठ वाजता साडेसात सेंटीमीटर आहे. म्हणजे तासाला अर्धा सेंटीमीटर. असं होतं का?"

मी म्हटलं, निसर्गात काहीही होऊ शकतं. हे वाक्य उच्चारताना मी फळ्याच्या वर पाहायचं टाळलं.

झालं! वर्गात जो काही उत्साह संचारला, तो मी सतरा वर्षांत पाहिला नव्हता. ज्यांना भागाकाराचं नाव काढलं की ताप यायचा, ते कागद मागून घेऊन भागाकार करायला लागले. आमच्या वर्गात एक वकील आहे. म्हणजे वय बारा, पण कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य करत नाही. त्याने हिशेब मांडला की या वेगाने महिन्याभरात रोप छत फोडून वरच्या वर्गात जाणार, आणि वर आठवी बसते, तर त्यांना आधी कळवायला हवं.

मग कारणांचा शोध सुरू झाला. एकाच बरणीत असं का झालं? ती बरणी खिडकीत होती. खिडकीबाहेर काय आहे? शाळेची घंटा! वकिलाने निकाल दिला की घंटेच्या नादाने रोप वाढतं. मी हे तिथल्या तिथे मोडून काढायला हवं होतं. पण कसं काढणार? त्याचा तर्क चुकीचा आहे हे मला नक्की ठाऊक होतं. फक्त कसं ठाऊक होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी बायकोने जाहीर केलं की रोपं अकराच आहेत. मी कबुतरावर संशय घेतला. ती म्हणाली, मुळासकट? मी म्हटलं, आजकालची कबुतरं! तिने कुंड्या पुन्हा एक ते बारा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला शाळेची घंटा वाजली. एकदा नाही, लागोपाठ चाळीस वेळा. सातवीने प्रयोग सुरू केला होता. सगळ्या बरण्या खिडकीत मांडल्या होत्या आणि वकील घंटा बडवत होता. तिकडे पाचवीने शाळा सुटली असं समजून दप्तरं भरली आणि फाटकापर्यंत मजल मारली. त्यांच्या वर्गशिक्षिका मागून धावत होत्या. आठवी आग लागली असं समजून मैदानात रांगा करून उभी. शिपाईमावशी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांचं घड्याळावर घंटेपेक्षा जास्त लक्ष असतं.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला बोलावून घेतलं. खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच मी आत गेलो. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई चष्मा पुसत म्हणाल्या, की या शाळेत मुलांनी स्वतःहून एवढी चौकशी केलेली त्यांनी आजवर पाहिली नाही, आणि शनिवारच्या पालकसभेत त्या मुलीने हा प्रयोग सगळ्यांसमोर मांडावा. वर त्यांनी हेही सांगितलं, "तुमच्या मिसेसनाही आणा."

खरं ओठांवरून परत आत गेलं.

शनिवारी सभागृह भरलं. बायको तिसऱ्या रांगेत. मी बाजूला, खांबाच्या आडोशाला. मोजपट्टी बरणी घेऊन पुढे आली. तिने बरणी टेबलावर ठेवली आणि वही उघडली.

ती म्हणाली, "माझी तीन निरीक्षणं आहेत. पहिलं, इतरांची पानं गुळगुळीत आहेत, माझ्या रोपाचं मधलं पान खरखरीत आहे. म्हणजे हा घेवडा नाही. दुसरं, बरणीत फक्त कापूस आहे, पण मुळाला माती आहे. तिसरं, बाकीच्या बरण्यांना दोन दिवस घंटा ऐकवली, त्या नेहमीइतक्याच वाढल्या. म्हणून माझं बी उगवलं नाही. कुणीतरी बदललं. कुणी, ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही."

एवढं बोलून तिने वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मला ते ठाऊक असेल का, एवढंच ती विचारत होती.

मी तेवढ्यावर सुटू शकत होतो. खांबही चांगला रुंद होता. पण मला लाज वाटली, अगदी कानांपर्यंत वाटली. मी पुढे आलो आणि सांगितलं, की बदलणारा मी. तू मंडळ सोडू नयेस म्हणून बदललं.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे ते कबुतर तुम्ही होय! सात नंबरची काकडी आहे ती."

लोक हसले. मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिल्या. हसली नाही ती फक्त मोजपट्टी. तिचा एकच प्रश्न होता. "मग माझं बी कुठे आहे?"

आम्ही वर्गात गेलो. आम्ही म्हणजे अख्खी सभाच. मी रंगीत खडूंचा डबा उघडला. कापसात, पिवळ्या आणि हिरव्या खडूच्या मधोमध, बी फुटलं होतं. पांढरा, वाकडा, खडूची भुकटी लागलेला अंकुर! तो पाहून मला जे वाटलं ते सांगायला लाजत नाही : माझे डोळे भरून आले.

मोजपट्टीने आधी पट्टी लावली. दोन सेंटीमीटर. मग कापूस चिमटीत धरला आणि बरणीतला कापूस चाचपला.

"बरणीत बी अर्धं पाण्यात बुडालेलं होतं," ती म्हणाली. "डब्यात कापूस नुसता दमट आहे. मीच जास्त पाणी घालत होते. सर, मला आणखी सहा बरण्या हव्यात. तिनात कमी पाणी, तिनात जास्त." आणि मग, जणू ते आधीच ठरलेलं होतं अशा सुरात, "मंडळाची सभा सोमवारीच असते ना?"

काकडी बायको घरी घेऊन गेली. सात नंबरच्या कुंडीत ती पुन्हा रुजली. आता त्या चिठ्ठीवर आकड्याच्या खाली 'शाळेत जाऊन आलेली' असं लिहिलं आहे. आणि गॅलरीला कुलूप आहे.

सोमवारी मोजपट्टीने वही सहीसाठी आणून दिली. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी 'शिक्षकांची मदत' असा एक रकाना असतो. सतरा वर्षांत सगळी मुलं तिथे 'मोलाची' असं लिहीत आली आहेत. तिने लिहिलं होतं : 'भरपूर. त्यामुळे बी नेमकं कधी उगवलं ते कळू शकलं नाही.'

मी वर भिंतीकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही केली.