नानांची लेखी परवानगी

किसननानांच्या बांधावरून मुंगीसुद्धा अर्ज केल्याशिवाय जात नाही, असं आमच्या गावात म्हणतात. मुंगीचं मला माहीत नाही. मी मात्र दरवर्षी अर्ज करतो.

माझं शेत नानांच्या शेतामागे. ट्रॅक्टर, खत, सोयाबीनची पोती, सगळं त्यांच्या बांधावरून. दुसरी वाट नाही, आणि नानांना ते पक्कं ठाऊक. पेरणीआधी त्यांच्या ओट्यावर बोलावणं यायचं. शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी निघायची, पिशवीतून सातबारा, आणि मग नाना मजकूर सांगायचे, "लिही मास्तर. मी नानाच्या मेहरबानीनं बांधावरून जाऊन राह्यलो. माझा हक्क बिलकुल न्हाई." शाळेत मी पोरांना शुद्धलेखन घालतो, इथे नाना मला घालायचे.

"इतकी वर्षं जातोय नाना, विश्वास नाही का?"

"इस्वास हाये. पन इचारल्याबिगर वीस वर्सं गेलास, तर वाट तुझ्या हक्काची. परवानगीनं गेलास, मंग न्हाई. कायदा हाये."

कायदा ते मंठ्याच्या तहसीलबाहेर, चहाच्या टपरीवर शिकले. पदवी नाही, पण रुबाब हायकोर्टाचा. बायको गेल्यावर तर कागदच त्यांचं कुटुंब झाले. पुण्यातला मुलगा फोनवर "दिवाळीला येतो" म्हणाला, की नाना म्हणायचे, "लेखी दे." तो हसायचा. यायचा मात्र नाही.

सही झाली की चहा. चहा झाला की दुसरा चहा. मग पाच ओळींच्या कागदात एखादी चूक सापडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी मनातल्या मनात शिव्या घालत घरी यायचो.

गेल्या वर्षी कानावर आलं, नानांचा मुलगा शेताला गिऱ्हाईक बघतोय. उद्याचा मालक तारेचं कुंपण घालणार आणि माझ्याच अक्षरातले अकरा कागद माझ्यापुढे नाचवणार. तावातावाने ओट्यावर गेलो. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "आधार कार्ड घे. जल्दी. मंठ्याला जायचंय."

रजिस्ट्री ऑफिसात त्यांनी ती वाट मला कायमची लिहून दिली. तलाठ्याच्या मागे लागून सातबाऱ्यावर नोंदही चढवली. "मी हाये तवर शेत इकत न्हाई. माझ्यामागं कोनी बी घेऊ दे, तुझी वाट बंद व्हत न्हाई." माझीच मला लाज वाटली.

परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता तुला वट्यावर यायचं काई कारन न्हाई ऱ्हायलं."

यंदा पेरणीआधी बोलावणं आलं नाही. मीच अर्ज लिहिला आणि घेऊन गेलो. नानांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"तारीख टाकली न्हाई. बस, फिरून लिही," म्हणाले, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.