न्यूलँड्सचे वडगावकर

आमच्या शेजारच्या वडगावकरांना नमस्कार केला की ते उलट नमस्कार करत नाहीत, "मूळचे कुठले?" म्हणतात. आयर्लंडातल्या क्लोनडॉकिनच्या या घरात मी सामान चढवत होतो, तेव्हा त्यांनी माझा सोफा दारातच अडवून आडनाव, गाव, आजोळ असं सगळं काढून घेतलं आणि मगच सोफ्याला एका बाजूने हात लावला. "म्हणजे तुम्ही मूळचे चिपळूणचे. नुसतं पुणे काय सांगता?" अशी वर तंबी.

आपल्या माणसांत हे खपून जातं. वडगावकर आयरिश लोकांनाही सोडत नसत. ते औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत. मूळ कळल्याशिवाय बाटलीसुद्धा पुढे सोडायची नाही, ही सवय. त्यांचं ठाम मत असं, की आपल्यात गावावरून आडनाव पडतं तसंच इंग्रजांतही पडतं; फक्त ते आळशी, 'कर' लावत नाहीत.

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी आली आणि वडगावकरांची चौकशीची गाडी आमच्या जवळच्या न्यूलँड्स क्रॉस या चौकाच्या नावावर घसरली. केपटाऊनला क्रिकेटचं मैदान न्यूलँड्स, शेजारी रग्बीचंही न्यूलँड्स, ग्लासगोत एक उपनगर, इंग्लंडात खेडी, शिवाय न्यूलँड आडनावाची घराणी! स्वयंपाकघरातल्या, इथल्या भाषेत 'प्रेस'च्या, म्हणजे कपाटाच्या, दारांवर कागद चिकटवून त्यांनी सगळ्यांची वंशावळ मांडली. चहाची पूड काढायची तर दक्षिण आफ्रिका बाजूला करावी लागे. "अहो, नवी जमीन फोडली, तिथे वस्ती झाली, वस्तीवरून माणसं, माणसांवरून मैदान. सिंपल आहे!" मास्क हनुवटीवर ओढून ते कुंपणापलीकडून ओरडत.

एवढ्यावर थांबते तर वडगावकर कसले! टेलिफोन डिरेक्टरीतून त्यांनी शेजारच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, नास गावचे एक न्यूलँड आजोबा हुडकले. वय ब्याऐंशी, बायको गेलेली, मूलबाळ नाही. फोनवर पहिलाच प्रश्न, मूळचे कुठले? मला वाटलं, म्हातारा फोन आपटणार. तर आजोबा म्हणाले, मलाही तेच कळायला हवंय. माझ्यानंतर हे नाव संपलं. जाण्याआधी आपली माणसं कुठून आली तेवढं समजलं तर बरं. झालं! वडगावकरांनी शब्द दिला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला फोन. "युअर मॅन," म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ', "एकदम ग्रँड आहे हो. गाव काढून देणारच मी त्याला."

पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या काउंटीत जायला परवानगी मिळाली. वडगावकर माझ्या गाडीत मांडीवर कागदांची गुंडाळी घेऊन बसले, चेहरा दहावी नापास झाल्यासारखा.

"न्यूलँड्स ढीगभर निघाली हो. त्यातलं यांचं कुठलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. आता काय तोंड दाखवू?"

नासला आजोबांनी अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. वडगावकरांनी खाली मान घालून कबुली दिली. आजोबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "आणि तुमची माणसं कुठली?"

"वडगाव."

"कुठली काउंटी?"

वडगावकरांनी मांडीवरची गुंडाळी उगाच पुन्हा घट्ट केली. आता जिल्हा सांगतील, मग तालुका, म्हणून मी वाट बघत होतो.

"आमच्याकडे वडगावं खूप आहेत," ते शेवटी म्हणाले. "आमचं कुठलं, मला माहीत नाही. आईवडील लहानपणीच गेले. वसतिगृहात वाढलो. सांगणारं कोणी नव्हतं."

आजोबांनी केकची बशी त्यांच्याकडे सरकवली. "मग आपण दोघे सारखेच की. रविवारचा फोन मात्र बंद करायचा नाही."

परतताना मला राहवेना. "वडगावकर, तीन वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"मी आधी विचारतो ना," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग समोरचा आपलंच सांगत बसतो. उलट कोणी विचारत नाही."

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी त्यांना माझं सगळं हौसेने सांगत आलो होतो. त्यांचं एकदाही विचारलं नव्हतं.