नत्थूजी अन् लग्नाच्या तीन तऱ्हा

आमच्या गावात नत्थूजीनं लोकांना रिकाम्या पत्रावळीवर जेवायला बसवलं आहे. थट्टा नाही करत. पंगत बसली, पोट्टे रिकाम्या बादल्या घेऊन फिरले, रिकामी पळी पत्रावळीवर उपडी झाली, आणि हा मधोमध उभा राहून ओरडत होता, "भाजी आली समजा! आता भात आला समजा!" एक बुढी म्हणाली, "नत्थू, भाजीत मले मीठ कमी वाटून राह्यलं." तर यानं खरंच मीठवाल्याला हाक मारली.

नत्थूजी बाभुळगावाकडच्या एका जिनात मुकादम होता. जिन म्हणजे जिथं रेचा नावाच्या यंत्रानं कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना. कापसानं आमच्या पट्ट्याची पार वाट लावली त्या सालांत जिनाला कुलूप लागलं. बाकीचे गडी मिळेल त्या कामाला गेले. नत्थूजीनं गावातले कार्यक्रम हाती घेतले. फुकट, अन् न बोलावता. बारसं असो की तेरवी, हा सकाळीच दारात उभा. "कापूस रेच्यात एकाच बाजूनं जाते भाऊ," असं म्हणायचा. म्हणजे पहिलं काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

एका बारशाला याच हट्टापायी लोक दुपार टळेपर्यंत उपाशी बसले. बाळ-बाळंतीण ज्या गाडीनं येणार होती ती रस्त्यात बिघडली. सैपाक तयार होता, पण पाळणा झाल्याबिगर पंगत नाही म्हणे. शेवटी बाळाचा आजाच चिडला, "अरे नत्थ्या, लेकरू तर आईचं दूध पिऊन झोपलं असन. आमचं काय?"

मग एकदा समाजमंदिरात शिबिर झालं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात शिबिरं लई. पीक नव्हतं, पण शिकवायला येणाऱ्यांची कमी नव्हती. एक मॅडम आली, बचतगटाच्या बायांना कार्यक्रम कसा आखायचा ते सांगायला. नत्थूजी पोह्यासाठी गेलता. आला तो डोळे मोठे करून.

"किसनभाऊ, कामाच्या तीन तऱ्हा असतात! लिनियर, इटरेटिव्ह अन् अजाइल."

"मराठीत बोल ना."

"सरळ, फेरी अन् लवचिक. सरळ म्हणजे आपला रेचा. फेरी म्हणजे लहानसं करून पाहाचं, चुकलं थे सुधरवाचं, पुन्हा कराचं. लवचिक म्हणजे रोज संध्याकाळी बसाचं अन् जसं जमन तसं बदलवाचं."

पहिल्यांदा त्यानं शाळेच्या कार्यक्रमावर लवचिक तऱ्हा चालवली. रोज संध्याकाळी बैठक आणि रोज स्टेज दुसरीकडे. शेवटच्या बैठकीत स्टेजचं तोंड पश्चिमेला गेलं. पाहुण्यांनी सगळी भाषणं डोळ्यांवर हात धरून केली. लोकांना वाटलं सलाम करून राह्यले, म्हणून लोकही उभे राहिले.

तोच माणूस माझ्या पोरीचं लग्न हाती घ्यायला आला.

सुजाता माझं शेंडेफळ. तिची आई, शांता, लग्नाआधीच्या हिवाळ्यात गेली. लग्न त्याआधीच जुळलं होतं, मुलगा पांढरकवड्याचा. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आलेले व्याही घरभर नजर फिरवून म्हणाले होते, "घरात बाईमाणूस नाई. कार्य कसं निभल?" ट्रकच्या धंद्यातला माणूस, मोठ्या आवाजाचा. शांता असती तर सगळं तिनं पेललं असतं. मला चहासुद्धा धड जमत नाही. एवढ्या तेवढ्यानं व्याही बिघडला तर पोरीचं काय?

आणि नत्थूजी रोज सकाळी दारात. "भाऊ, सरळ, फेरी का लवचिक?"

"मले पोरगी लावून द्याची आहे बाबा, इलेक्शन नाई लढवाची."

"म्हणूनच इचारतो. सरळ केलं अन् टँकर नाई आला तर सगळंच थांबन. लवचिक केलं तं इवाई म्हणन, यांचं काई ठरलंच नाई." तो स्वतःच इतका घाबरलेला, की मला वाटलं पोरगी याचीच आहे. आठवडाभर असं घोळून शेवटी त्यानं ठरवलं, फेरी. लग्नाच्या आधी एक खोटं लग्न.

विहारासमोर चादरींचा मांडव पडला. बौद्धाचार्यांच्या जागी पोस्टमन उभा केला. नवरदेव व्हायला कोणी तयार होईना, तर नत्थूजीच पांढरा सदरा घालून बसला. सुजाता म्हणाली, "मीच बसतो नवरी, नाईतर काकाले कोण हार घालन?" आईचं पांढरं लुगडं नेसून बसली. आई गेल्यावर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं, म्हणून मीही काही बोललो नाही. रिकाम्या पत्रावळीची पंगत हीच.

नेमकी तेव्हा सडकेवर एक ट्रक पाणी घ्यायला थांबला. ड्रायव्हर पांढरकवड्याचा. त्यानं पाहिलं, की मालकाची होणारी सून नवरी होऊन बसली आहे आणि तिच्या बाजूला गळ्यात हार घातलेला टक्कल पडलेला म्हातारा आहे. त्यानं मालकाला फोन लावला. मालक नेमका त्या दिवशी जवळच्याच गावात आलेला.

आमची तालीम आहेरापर्यंत आली असेल, तोच धुरळा उडवत जीप आली. व्याही उतरले ते ओरडतच.

"काहून जी किसनराव! आमाले तारीख देऊन पोरगी या बुढ्याले देऊन राह्यले?"

माझ्या मनात एकच, मोडलं. शांता गेली आणि तिनं जुळवलेलं लग्नही गेलं. पंगतीतले लोक पत्रावळीवर हात ठेवून तसेच बसलेले.

नत्थूजी उठला. गळ्यात हार तसाच. हात जोडून म्हणाला, "इवाईबुवा, हे खरं लग्न नाई, फेरी आहे. तऱ्हा तीन असतात..." अन् मॅडमचं शिबिर त्यानं पहिल्यापासून सुरू केलं.

व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं, रिकाम्या बादलीत डोकावलं. मग थकून माझ्या बाजूच्या खुर्चीवर टेकायला गेले, तर हा ओरडला, "तिथं नका बसू!"

"काहून?"

"थे शांतावहिनीची जागा आहे. पोरगी हार घालताना एकदा तिकडे पाहीन. तिथं तिले दुसरं कोणी दिसाले नोको."

मला हे माहीत नव्हतं. खुर्ची रिकामी का, हे मी विचारलंही नव्हतं. सुजातानं पदर तोंडाला लावला. व्याही उभेच राहिले. मग त्यांनी दुसरी खुर्ची स्वतः ओढून घेतली. बसल्या बसल्या म्हणाले, "आमची माणसं उन्हाकडे तोंड करून बसवली तुमी. अन् पाणी इतलं दूर?"

"सांगा, सांगा," नत्थूजी खूश. "फेरी त्याच्यासाठीच आहे."

मग त्या माणसानं दोन पंगती हलवल्या, जीप कुठं लावायची ते सांगितलं, आणि निघताना विचारलं, "पाठवणी राह्यली ना? थे नाई केली."

नत्थूजीनं मान हलवली. "थे नाई करत. थे एकडाव होते, तितलंच सोसते."

खऱ्या लग्नाच्या दिवशी वाऱ्यानं मांडवाची एक बाजू उचलली, टँकर उशिरा आला, पोळ्या कमी पडल्या. नत्थूजीनं जिथं सरळ चाललं तिथं सरळ चालवलं, जिथं वाकवावं लागलं तिथं वाकवलं. पोळ्या कमी पडल्या तर भात आधी सोडला, अन् टँकर येईपर्यंत बौद्धाचार्यांना चार शब्द जास्त बोलायला लावले. व्याह्यांनी स्वतः वाढायला बादली धरली. हार घालताना सुजातानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

उन्हं उतरली तेव्हा पोरीला घेऊन जीप गेली. मी सडकेवर उभा राहिलो, धुरळा बसेपर्यंत. परत आलो तर मांडवात नत्थूजी एकटाच. भाताचा धुतलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, पुन्हा घासत होता.

"नत्थू, पोट्टे धुऊन गेले न तो."

"हौ." त्यानं गंज पालथा घातला. हात पुसले. इकडं तिकडं पाहिलं. दिवसभर सगळ्या गावाला पुढचं काम सांगणारा माणूस मला विचारू लागला, "आता काय आहे भाऊ?"

"आता काई नाई."

"अन् उद्या?"

"उद्या मांडव सोडाचा."

तो मांडवाकडे पाहत राहिला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "थे तं तासाभराचं काम आहे."

माझ्या मागं माझं घर होतं. दिवा न लावलेलं.

"हौ," मी म्हटलं. "पण आपून हळूहळू सोडू."