लग्नाचा टँकर

मेव्हणीच्या लग्नासाठी आलेले सगळे कूलर कानिफनाथने दारातूनच परत पाठवले. मे महिना, दुपारचा मुहूर्त आणि पाथर्डीहून येणारं सहाशे माणूस.

"गारव्याचं माझ्याकडे लागलं, मामा," तो सासऱ्यांना, कारभारीमामांना म्हणाला. "एकाला जरी घाम आला, तर मला जावई म्हणू नका."

हा तोरा उगाच नव्हता. लग्नाचं नगरमधलं मंगल कार्यालय, शेजारची बँक आणि कापडाचं दुकान या तिन्हींना गार ठेवणारी यंत्रणा एकच होती, आणि ती कानिफनाथ सांभाळायचा. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्रभर पाणी थंडगार करून भल्यामोठ्या टाकीत साठवायचं. दिवसा तेच पाणी नळ्यांतून तिन्ही इमारतींत फिरवून परत टाकीत आणायचं. लग्नाच्या सकाळी त्याने कारभारीमामांना शिडीवर चढवलं आणि टाकीचं झाकण उघडून दाखवलं.

"आख्खं लग्न या पाण्यावर आहे, मामा."

मामांनी आत डोकावलं. टाकी वरून चांगली दोन हात रिकामी! आठवड्याला एकदा टँकर येणाऱ्या गावचा माणूस तो, त्यांना वाटलं, सहाशे माणसांना हे पाणी पुरणार नाही. पण चारचौघांत जावयाला कमीपणा आणतील ते कारभारी कसले? ते शिडीवरून खाली उतरले.

कानिफनाथ नवरदेवाला आणायला गेला आणि इकडे चार टँकर येऊन उभे राहिले. मामांनी ते महिन्यापूर्वीच सांगून ठेवले होते. टँकर ठरल्याशिवाय त्यांच्याकडे लग्नाची तारीखच धरत नाहीत.

"कुठं सोडू, काका?" ड्रायव्हर अझहरने विचारलं.

"त्या मोठ्या टाकीत. पाईप पार तळाला जाऊ दे, थेंब सांडाया नको."

उन्हात तापलेलं पाणी तळातून टाकीत शिरलं आणि रात्रभर जपलेला गारवा काठावरून गटारीत गेला.

मंगलाष्टकं सुरू झाली तशा नवरदेवाच्या मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या. गुरुजी उपरण्याने वारा घेऊ लागले. कानिफनाथ अक्षता टाकून धावतच टाकीपाशी गेला. मामा तिथे समाधानाने उभे होते.

"मामा, काय केलंत हे?"

"काठोकाठ भरली," मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुनाला कळू दिलं न्हाई. तुमचं नाव राखलं."

कानिफनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पाहुणे पंगतीत आपली सालटी काढणार, म्हणून तो स्वयंपाकघरातच दडून बसला. पण घामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मे महिन्याच्या लग्नात घाम येणारच, त्यात काय सांगायचं? भर उन्हाळ्यात वाहून चाललेली टाकी बघायला मात्र रांग लागली होती.

संध्याकाळी दोन सोयऱ्यांनी त्याला गाठून पुढच्या लग्नांसाठी हेच कार्यालय धरलं.

"तुमी फक्त झाकन उघडून ठेवा, जावईबापू," त्यातला एक म्हणाला. "टँकर आमी आनतो."